रक्ताला खुलासा नको

ॲन राइसची 'प्रिन्स लेस्टॅट अँड द रेल्म्स ऑफ अटलांटिस' (२०१६) परवा पुन्हा वाचली आणि पहिल्या वाचनातला संताप जसाच्या तसा उसळून आला. व्हॅम्पायर आले कुठून? राइस आता सांगते की या सगळ्याचं मूळ परग्रहवासीयांच्या एका कारस्थानात आहे. सगळ्या व्हॅम्पायरांना जोडणारा अमेल हा आत्मा मुळात एक माणूस होता. परग्रहवासीयांनी त्याला पळवलं, घडवलं आणि परत पृथ्वीवर धाडलं. तो त्यांच्यावरच उलटला आणि त्याने अटलांटिस वसवलं. कपेट्रिया नावाची कृत्रिम स्त्री हा इतिहास पानामागून पान सांगत राहते, आणि लेस्टॅट, ज्याच्या आवाजावर राइसची ही व्हॅम्पायर-मालिका उभी राहिली तो लेस्टॅट, मुकाट्याने ऐकत बसतो.

याच लेखिकेची 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' १९७६मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यातला लुई हाच प्रश्न घेऊन पूर्व युरोपात जातो. आपल्या जातीचे पूर्वज भेटतील या आशेने गेलेल्या लुईला तिथे भेटतात ती बुद्धी नसलेली, चालती-फिरती प्रेतं. मग पॅरिसमध्ये चारशे वर्षांचा व्हॅम्पायर अर्मां भेटतो. लुई त्याला देवाबद्दल विचारतो, सैतानाबद्दल विचारतो. अर्मांला काहीच ठाऊक नाही. लुईच्या पापाचा निवाडा करायला वर कोणी नाही, खालीही कोणी नाही. व्हॅम्पायर-साहित्यात याहून भयंकर प्रसंग मला माहीत नाही.

आणि त्याच कादंबरीतली क्लॉडिया! पाच वर्षांच्या देहात अडकून पडलेली व्हॅम्पायर बाई. बाहुल्या बनवणारी मादलेन आपल्या मेलेल्या मुलीचीच बाहुली पुन्हापुन्हा घडवत असते. क्लॉडिया तिच्याकडून मोठ्या बाईची बाहुली करून घेते आणि लुईच्या डोळ्यांदेखत ती मुठीत चिरडते. आपल्याला जो देह कधीच मिळणार नाही, त्याचे तुकडे तिच्या हातातून खाली पडतात. १९७२मध्ये राइसची मुलगी ल्युकेमियाने गेली होती, तिला सहावं वर्षही पुरं झालं नव्हतं. हे ठाऊक नसलेल्या वाचकालाही त्या पानावरचं दुःख कळतं, कारण तिथे खुलासा नाही, फक्त कृती आहे.

मूळकथा सांगूच नये, असं माझं म्हणणं नाही. 'द क्वीन ऑफ द डॅम्ड'मध्ये (१९८८) राइसने ती सांगितली आणि उत्तम सांगितली. अकाशा राणीच्या जखमांतून रक्ताला चटावलेला अमेल तिच्या देहात शिरतो, ही गोष्ट महारेट सांगते. ज्या बाईचे डोळे त्या राणीने काढवले, तीच ती सांगते आहे. तिथे उगमाची कथा म्हणजे एका गुन्ह्याची साक्ष आहे. अटलांटिसच्या कथेत साक्ष कोणाचीच नाही, नुसती माहिती आहे.

व्हॅम्पायरांवर लिहिणाऱ्या बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. स्टेफनी मायरच्या 'ट्वायलाइट'चा विषय प्रेम आणि लग्न आहे. मरणाशी तिला देणंघेणं नाही. शार्लेन हॅरिसने तेरा कादंबऱ्यांनंतर २०१३मध्ये आपली व्हॅम्पायर-मालिका संपवली, एवढं श्रेय तिला द्यायला हवं.

राइस मात्र थांबली नाही. 'प्रिन्स लेस्टॅट'मध्ये (२०१४) मुंबईचा एक डॉक्टर, फरीद, व्हॅम्पायर होतो. मी ती पानं आशेने उघडली. पण हे शहर त्यात नावापुरतंच आहे. पहिल्या पुस्तकातल्या न्यू ऑर्लिन्सची दलदल, नीळ पिकवणारा मळा, दमट रात्री आठवाव्यात, म्हणजे काय हरवलं ते कळतं. या फरीदकडे काम एकच, व्हॅम्पायरच्या देहाचं विज्ञान उलगडणं. त्याच्या प्रयोगातून लेस्टॅटला मुलगासुद्धा होतो! मरण नाही, एकाकीपण नाही, वर संततीही. मग या लोकांचं दुःख नेमकं काय उरलं?

२००४मध्ये वाचकांच्या टीकेला उत्तर देताना राइसने आपल्याला संपादक नको, असं जाहीरपणे सांगितलं होतं. मला वाटतं, ऱ्हासाचं कारण तिथेच आहे. लांबलेल्या मालिकेच्या लेखकाला 'हे सांगू नकोस' असं म्हणणारा एक तरी माणूस जवळ हवा. वाचकही दोषी आहेत. प्रत्येक गूढाचा नकाशा आणि वंशावळ मागणाऱ्या वाचकाला लेखक अखेर तेच देतो. भयकथेत सगळं कळलंच पाहिजे, हा हट्ट मला मान्य नाही. नारायण धारपांवर वाढलेल्या मराठी वाचकाला तर हे सांगायची गरज पडू नये.

२०२२मध्ये राइसच्या पुस्तकांवर दूरचित्रवाणी मालिका आली तेव्हा तिने अटलांटिसपासून नव्हे, पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केली. लुईला तिने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या न्यू ऑर्लिन्समधला कृष्णवर्णीय केलं, काळ बदलला, पण त्याची अपराधी भावना आणि अनुत्तरित प्रश्न शाबूत ठेवले. ती मालिका जिवंत वाटते ती त्यामुळेच.

डिसेंबर २०२१मध्ये राइस गेली. तिला नव्याने वाचणाऱ्यांनी या मालिकेतली १९७६, १९८५ आणि १९८८ची पहिली तीन पुस्तकं वाचावीत, आणि तिथेच थांबावं.