‘भीरु’ : व्युत्पत्ती आणि काव्यार्थ

‘भीरु’ या शब्दाला ‘भित्रा’, ‘बुजरा’ असे प्रतिशब्द देऊन थांबणे कोशाच्या दृष्टीने पुरेसे असले, तरी काव्याच्या आकलनास ते अपुरे पडते. ‘भी’ म्हणजे भिणे या धातूपासून हा शब्द सिद्ध होतो. त्याची सिद्धी सांगणारे पाणिनीचे सूत्र (३.२.१७४) ‘तच्छील’ म्हणजे स्वभाव दर्शविणाऱ्या प्रत्ययांच्या अधिकारात येते. म्हणून ‘भीत’ म्हणजे प्रसंगी भ्यालेला, तर ‘भीरु’ म्हणजे भिणे हा ज्याचा स्वभावच आहे असा. याच धातूपासून झालेला ‘भीम’ मात्र उलट दिशेने जातो : ज्याच्यापासून इतरांना भय वाटते, तो भीम.

हा स्वभाववाचक शब्द पुढे स्त्रीवाचक झाला. अमरकोशाच्या मनुष्यवर्गात तो ‘अंगना’, ‘कामिनी’ यांच्या पंक्तीत बसतो. मराठीत एकटा ‘भीरू’ दोषदर्शक, तर ‘पापभीरू’ गुणदर्शक आहे. म्हणजे भयाचे मूल्य भयाच्या विषयावर अवलंबून असते.

‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गात लंकेहून परतताना राम सीतेला अपहरणाची वाट दाखवितो व तिला ‘भीरु’ असे संबोधितो. मराठी अनुवादात ‘भित्रे’ म्हटल्यास त्यातील जिव्हाळा नष्ट होतो. ‘प्रिये’ म्हटल्यास तिच्या स्वभावाविषयीचे गृहीतक लपते. चौदाव्या सर्गात या गृहीतकाचीच परीक्षा होते. लोकापवादामुळे त्यागिलेली सीता लक्ष्मणाकरवी निरोप धाडते. त्यात ती पतीचा उल्लेख ‘राजा’ असा करते आणि हे कृत्य त्याच्या विद्येला व कुलाला शोभते काय, असे विचारते. लक्ष्मण दृष्टीआड होताच ती भेदरलेल्या कुररी पक्षिणीप्रमाणे आक्रोश करते, हे खरे. पण प्रश्न त्याआधी विचारून झालेला असतो.

निरोप ऐकून अश्रू ढाळणाऱ्या रामाला मात्र कवी ‘कौलीनभीत’, म्हणजे लोकनिंदेला भ्यालेला, म्हणतो. येथे ‘भीरु’ नसून ‘भीत’ आहे, हे महत्त्वाचे. भय हा रामाचा स्वभाव नव्हे, आणि सीता त्याच्या मनातून निष्कासित झालेली नाही, असेही कवी सांगतो. तरीही जिला स्वभावतः भित्री मानले तिने प्रश्न विचारला, आणि भयापोटी कृती केली ती मानणाऱ्याने. व्याकरणातील हा सूक्ष्म भेद दुर्लक्षिला, तर कालिदासाने कोणताही दोषारोप न करता नोंदविलेला हा विपर्यास वाचकाच्या हातून निसटतो.