सी भाषेचा आद्य ग्रंथ आणि नवशिका वाचक

ब्रायन कर्निगन व डेनिस रिची यांचा ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्याची दुसरी आवृत्ती १९८८ ची. लूप, फंक्शन इत्यादी मूलभूत कल्पनांशी परिचित असलेला वाचक ग्रंथकारांनी गृहीत धरला आहे. तथापि अनेक नवशिक्यांनी यंत्रानजीकच्या भाषेचे पहिले पाठ याच ग्रंथातून गिरवले. म्हणून त्याची सुगमता त्यांच्या दृष्टीने तपासणे अप्रस्तुत ठरू नये.

ग्रंथाची शैली मितभाषी आहे आणि भाषेचे व्याकरणही आटोपशीर. हे सौकर्य मात्र काहीसे फसवे आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या पहिल्याच प्रकरणात ओळ वाचणाऱ्या फंक्शनला जास्तीत जास्त किती अक्षरे घ्यावीत, ही मर्यादा घातलेली आहे. त्याच उदाहरणातील नक्कल करणाऱ्या फंक्शनला ती नाही. जागा पुरेशी आहे असे समजावे, एवढीच टीप तेथे आहे. पाचव्या प्रकरणात पॉइंटरच्या साहाय्याने हेच काम क्रमाने आक्रसत अखेर एकाच ओळीत मावते. अक्षरसंख्येला मर्यादा घालणारी रूपे मात्र स्वाध्यायासाठी सोडली आहेत. परिणामी लाघवाचा संस्कार वाचकावर आधी होतो, सावधगिरीचा नंतर.

हा दोष केवळ अध्यापनापुरता नाही. दुसरी आवृत्ती निघाली त्याच १९८८ साली नोव्हेंबरात पसरलेल्या मॉरिस वर्मने ज्या वाटा वापरल्या, त्यांपैकी एक अशीच होती : ५१२ बाइटच्या जागेत मर्यादा न पाहता मजकूर वाचणारे ‘गेट्स’ हे फंक्शन. २०११ च्या प्रमाणकातून ते अखेर वगळण्यात आले.

याउलट २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट भाषेचा कंपायलर स्मृतीच्या वापरातील अनेक चुका प्रोग्राम चालण्यापूर्वीच अडवतो. तेथे नवशिका उंबरठ्यावरच अडखळतो. परंतु का अडखळलो, हे त्याला कळते. सीमध्ये तो सहज आत जातो, आणि त्याची चूक पुष्कळदा भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी प्रकट होते.

पहिला प्रोग्राम किती लवकर लिहिता आला, यावरून भाषेची सुगमता ठरत नाही. स्वतःची चूक किती लवकर उमगली, यावरून ती ठरते. ग्रंथाची थोरवी त्यामुळे उणावत नाही. मात्र तो शिकवणाऱ्याने त्या एका ओळीच्या टिपेलाच स्वतंत्र पाठाचे स्थान दिले पाहिजे.