प्रकाश-औष्णिक नॅनोपदार्थ व जंतुबाधित जखमांचा उपचार : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सक समीक्षा

१. प्रस्तावना

ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातील लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे स्थलांतर करतात. उसाच्या फडात हातापायाला कोयता लागणे ही नवलाची गोष्ट नाही. कामाचा दिवस बुडाला की 'खाडा' धरला जातो. त्यामुळे अनेकदा जखमेवर चिंधी बांधून काम चालूच राहते आणि जखम चिघळते. रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत जीवाणूंनी स्वतःभोवती चिकट जैवपटल निर्माण केलेले असते. त्यात प्रतिजैविके पुरेशी शिरत नाहीत. औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवले, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झाला. या पार्श्वभूमीवर प्रकाशाने तापणाऱ्या नॅनोपदार्थांचा उपचार प्रतिजैविकांना पर्याय म्हणून मांडला जातो. या दाव्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. मूळ तत्त्व व महाराष्ट्रातील संशोधन

सोन्याचे नॅनोदंड, कॉपर सल्फाइड, ग्राफीन ऑक्साइड, पॉलिडोपामिन इत्यादी पदार्थ निकट-अवरक्त प्रकाश शोषून त्याचे उष्णतेत रूपांतर करतात. ही उष्णता जीवाणूंच्या प्रथिनांची मूळ रचना बिघडवते व त्यांचे पटल फाडते. औषधाप्रमाणे एखाद्याच विशिष्ट घटकावर आघात होत नसल्याने प्रतिकारशक्ती निर्माण होण्याची शक्यता कमी मानली जाते. तत्त्व म्हणून हे निर्विवाद आकर्षक आहे.

महाराष्ट्रातील तीन कामे येथे विचारात घेण्यासारखी आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्कापासून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण बनविले. निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषणाऱ्या या कणांविषयीचा निबंध २००४ मध्ये 'नेचर मटेरियल्स'मध्ये आला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील रोहित श्रीवास्तव यांच्या गटाने लायपोसोमवर सोन्याचा थर देऊन तयार केलेल्या कणांचे काम २०१५ मध्ये 'नॅनो लेटर्स'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात उंदरातील कर्करोगाची गाठ ७५० नॅनोमीटरच्या लेसरने नष्ट झाली व कण शरीराबाहेर टाकले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील किशोर पाकणीकर व सहकाऱ्यांनी चांदीच्या नॅनोकणांचे त्वचेवर लावण्याचे जंतुनाशक जेल विकसित केले (२००९). या तिसऱ्या कामात उष्णतेचा संबंध नाही. परंतु जखमेच्या सर्वांत जवळ तेच पोहोचले, कारण त्याला लेसरची गरज नव्हती.

३. दाव्यांची चिकित्सा

पहिला आक्षेप प्राणिप्रयोगाविषयी आहे. बहुसंख्य निबंधांत उंदराच्या पाठीवर ताजी जखम करून तीत जीवाणू सोडले जातात व एक-दोन दिवसांत उपचार केला जातो. उंदराची जखम मुख्यतः त्वचा आकसून भरते. माणसाची जखम प्रामुख्याने नवीन ऊती व त्वचा तयार होऊन भरते. शिवाय निरोगी उंदराची जखम उपचाराविनाही साधारण दोन आठवड्यांत मिटते. मधुमेही रुग्णाच्या पायाची महिनोन्‌महिने न भरणारी जखम या प्रयोगात कोठेच येत नाही.

दुसरा आक्षेप मात्रेविषयी आहे. ८०८ नॅनोमीटरच्या लेसरसाठी त्वचेची सुरक्षित मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३३ वॅट मानली जाते. अनेक निबंधांत मात्र १ वॅट वा त्याहून अधिक तीव्रता वापरलेली दिसते. त्यातही प्रयोगातील उंदीर बहुधा पांढरा असतो. मेलॅनिन हा प्रकाश शोषून घेते, म्हणजे सावळ्या त्वचेत नॅनोकणांशिवायही अधिक उष्णता निर्माण होते. बीडच्या शेतमजुराच्या त्वचेसाठी मात्रा नव्याने ठरवावी लागेल.

तिसरा आक्षेप उष्णतेच्या निवडक परिणामाविषयी आहे. ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान एका अंशाने वाढले की तितकीच हानी होण्यास लागणारा वेळ निम्मा होतो, हा सापारेटो व ड्यूवी यांचा १९८४ चा नियम प्रसिद्ध आहे. त्यानुसार ५० अंशांवरील १० मिनिटे ही ४३ अंशांवरील १२८० मिनिटांइतकी, म्हणजे २१ तासांहून अधिक ठरतात. जीवाणूंसोबत भरून येणारी ऊतीही भाजते. म्हणूनच अलीकडे ४५ अंशांच्या आत राहून उष्णतेला प्रतिजैविकाची जोड देण्याकडे कल आहे. पण मग हा प्रतिजैविकाचा पर्याय न राहता त्याचा साहाय्यक ठरतो, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

कर्करोगाच्या क्षेत्रात सोन्याचा थर दिलेल्या सिलिका कणांची प्रोस्टेटच्या १६ रुग्णांवरील चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. जखमेच्या जंतुसंसर्गासाठी मात्र हा उपचार अद्याप नित्याच्या रुग्णसेवेत आलेला नाही.

४. महाविद्यालयीन संशोधनाची दिशा

वनस्पतींच्या अर्कातून नॅनोकण बनवून प्रमाणित जीवाणूंवरील रोधक क्षेत्र मोजणारे निबंध विपुल आहेत. अंधारात ठेवलेल्या पेट्रीडिशमधील वर्तुळ प्रकाश-औष्णिक गुणाविषयी काहीच सांगत नाही. त्यासाठी केवळ प्रकाश, केवळ कण, दोन्ही एकत्र आणि दोन्हींचा अभाव असे चार गट आवश्यक आहेत. कणांविना तेवढेच तापमान देणारा पाचवा गटही हवा. उष्णताचित्रक कॅमेरा फक्त पृष्ठभागाचे तापमान दाखवितो. ते खोलीवरही मोजावे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी एकत्र येऊन हे काम माफक खर्चात करता येईल. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेच्या सहकार्याने व नैतिक समितीच्या अनुमतीने स्थानिक रुग्णांतील जीवाणू व त्यांचे जैवपटल अभ्यासता आले, तर त्या निष्कर्षांना वेगळेच मोल येईल.

५. निष्कर्ष

प्रकाश-औष्णिक उपचाराचे तत्त्व सबळ आहे, परंतु त्याचा पुरावा अद्याप उंदराच्या ताज्या जखमेपुरता आहे. लेसर, प्रशिक्षित हात आणि पुन्हा पुन्हा दवाखान्यात येण्याची सवड या तिन्ही गोष्टी फडावरच्या मजुराजवळ नाहीत. त्याची जखम वेळेवर धुणे, मृत ऊती काढणे, धनुर्वाताची लस व मलमपट्टी यांना तूर्त पर्याय नाही. नव्या पदार्थाची थोरवी सांगताना संशोधकाने हे भान सोडू नये, एवढीच अपेक्षा आहे.