मराठी बोलपटाची समीक्षा आणि चित्रपटगृहातील ध्वनियंत्रणा : एक पुनर्विचार

प्रस्तावना

१४ मार्च १९३१ रोजी अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ मुंबईत गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमात प्रदर्शित झाला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी बोलपटाची परंपरा सुरू झाली. या दोन घटनांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. मात्र त्यातील बहुतांश लेखन दिग्दर्शक, नटनट्या, गीते आणि निर्मितीसंस्था यांच्याभोवती फिरते. ज्या यंत्रांमुळे हे चित्रपट प्रेक्षकांच्या कानांपर्यंत पोहोचले, त्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपला जातो. या उपेक्षेमुळे आरंभीच्या बोलपटांचे मूल्यमापनच एकांगी झाले आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘टॉकीज’ या शब्दाची साक्ष

इंग्रजीत ‘टॉकी’ म्हणजे बोलणारा चित्रपट. मराठीने त्यासाठी ‘बोलपट’ हा नेमका शब्द घडविला आणि ‘टॉकीज’ हे नाव इमारतीला देऊन टाकले. १९३४ साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे टॉकीज’ या निर्मितीसंस्थेनेही हा शब्द आपल्या नावात घेतला. परंतु लोकांच्या बोलण्यात तो रुजला तो चित्रपटगृह या अर्थानेच. पुण्याच्या प्रभात टॉकीजपासून तालुक्याच्या गावातील एकपडदा चित्रपटगृहापर्यंत हेच दिसते. नागपूर-कामठी परिसरातील जुनी पिढीदेखील ‘टॉकीजला गेलो होतो’ असेच म्हणते.

हा अर्थबदल सूचक आहे. मूकपट हाताने फिरविण्याच्या यंत्रावर, कोणत्याही तंबूत दाखविता येत असे. तबला-पेटीची साथ तेथल्या तेथे मिळे. बोलपटाला मात्र ध्वनियंत्रणा बसविलेली जागा लागे. ज्या घरात ती बसली ते ‘टॉकीज’ झाले. आवाज हा केवळ चित्रपटाचा नसून त्या वास्तूचाही गुण आहे, ही जाणीव लोकभाषेने जपली. समीक्षेने ती गमावली.

यंत्रणेचे स्वरूप

१९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’मध्ये आवाज चित्रफितीवर नव्हता. तो व्हिटाफोन पद्धतीने सोळा इंची तबकडीवर मुद्रित होता. फीत तुटून काही चौकटी गेल्या की चित्र आणि शब्द यांची फारकत होई. त्यामुळे फितीच्या कडेलाच ध्वनिपट्टी छापण्याची पद्धत लवकरच सर्वमान्य झाली. या पद्धतीत एका लहान दिव्याचा प्रकाश बारीक फटीतून ध्वनिपट्टीवर पडतो. पट्टीच्या कमी-अधिक काळेपणानुसार किंवा रुंदीनुसार प्रकाश बदलतो. फोटोसेल त्या बदलाचे विजेच्या क्षीण लहरींत रूपांतर करतो. व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर त्या लहरी वाढवितात आणि पडद्यामागील कर्ण्यांतून आवाज बाहेर पडतो. हा आवाज प्रेक्षकांपर्यंत यावा म्हणून पडद्यालाच असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडलेली असत.

आवाजामुळे यंत्राचा वेगही बांधला गेला. मूकपटाच्या काळात ऑपरेटर प्रसंग पाहून हात सैल किंवा जलद करू शकत असे. आता सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट, हा वेग अटळ ठरला. तो ढळला की गाण्याची पट्टीच बदले. शिवाय चित्रासाठी फीत थबकत सरकावी लागते, तर आवाजासाठी ती अखंड वाहावी लागते. म्हणून फितीवर आवाज त्याच्या चित्रापेक्षा सुमारे २० चौकटी पुढे छापला जातो. फीत चढविताना मधला फास लहान-मोठा झाला, तर ओठ आणि शब्द यांचा मेळ बिघडे.

एक हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपे. दोन तासांच्या बोलपटाला अशी सुमारे अकरा रिळे लागत. कथेत खंड पडू नये म्हणून दोन यंत्रे शेजारी ठेवून, पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर उमटणाऱ्या खुणेवर एकावरून दुसऱ्यावर जावे लागे. प्रकाशासाठी कार्बनच्या कांड्या सतत जवळ सरकवाव्या लागत. फीत नायट्रेटची, म्हणजे अत्यंत ज्वालाग्राही. केबिनमधील एक चूक जिवावर बेतू शकत असे. आवाज गेला की प्रेक्षक मागे वळून केबिनकडे पाहून ओरडत. बोलपट कोठून येतो हे त्यांना ठाऊक होते.

समीक्षेपुढील प्रश्न

आरंभीच्या बोलपटांतील संवादोच्चार ‘नाटकी’ होता, हा आक्षेप सर्वपरिचित आहे. त्याचे कारण म्हणून संगीत रंगभूमीचा वारसा सांगितला जातो, आणि ते अयोग्य नाही. ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्राची भूमिका करणारे व संगीत देणारे गोविंदराव टेंबे त्याच परंपरेतून आले होते. परंतु हे कारण अपुरे आहे. त्या काळच्या अॅम्प्लिफायरची शक्ती मोजक्याच वॅटची असे. ध्वनिपट्टीवरील उच्च स्वरांचा बराच भाग हरवे आणि फितीची खरखर सतत सोबत असे. अनेक चित्रपटगृहे मुळात नाटकासाठी किंवा मूकपटासाठी बांधलेली. त्यांच्या उघड्या भिंतींवरून आवाज घुमत राही. अशा ठिकाणी संथ, खणखणीत, शब्द तोडून केलेला उच्चारच शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचू शकत होता. ज्याला आज शैलीचा दोष म्हटले जाते, तो काही अंशी यंत्रणेशी केलेला समझोता होता.

‘अयोध्येचा राजा’ सुदैवाने उपलब्ध आहे. मात्र आजचा अभ्यासक त्याची डिजिटल प्रत लहान पडद्यावर, कानाला यंत्र लावून पाहतो. १९३२ च्या श्रोत्याने ऐकलेला चित्रपट हा नव्हे. ‘आलम आरा’ची तर एकही प्रत उरलेली नाही, तरीही त्याच्या गाण्यांविषयी ठाम विधाने केली जातात. ऐकण्याची परिस्थिती लक्षात न घेता केलेली अशी समीक्षा साहित्यकृतीची ठरते, बोलपटाची नव्हे.

दुसरा प्रश्न सामाजिक आहे. ध्वनियंत्रणा बसताच पडद्यापुढे बसणाऱ्या वादकांचे काम संपले. यंत्रसामग्री महाग असल्याने बोलपट आधी मोठ्या शहरांत स्थिरावला. जेथे वीज नव्हती तेथे तो जत्रेतील फिरत्या तंबूबरोबर, डायनामोच्या घरघरीत आला. म्हणजे एकाच बोलपटाचे ‘ऐकणे’ गिरगावात आणि जत्रेच्या गावात वेगवेगळे होते. ‘मराठी प्रेक्षक’ असे एकसंध रूप गृहीत धरणाऱ्या समीक्षेने या भेदाची दखल घ्यावयास हवी.

समारोप

ऐतिहासिक मॅजेस्टिक सिनेमा आज उभा नाही. २०१० नंतरच्या दशकात डिजिटल प्रक्षेपण सर्वत्र आले आणि रिळांची यंत्रे भंगारात निघाली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून चित्रपट जतन केले. पण गावोगावच्या केबिनमधील यंत्रे, ती हाताळणारे हात आणि त्यांची परिभाषा यांची नोंद एकट्या संस्थेकडून होणे शक्य नाही. रिळे चढविलेले ऑपरेटर आता वृद्ध झाले आहेत. त्यांची मौखिक माहिती संकलित करण्याचे काम महाविद्यालयीन स्तरावर सहज करता येण्याजोगे आहे. त्यासाठी मराठी, इतिहास आणि भौतिकशास्त्र या विभागांनी एकत्र यावे लागेल. कामठीसारख्या गावातील महाविद्यालयालाही त्यासाठी परिसरातील बंद पडलेल्या टॉकीजपेक्षा दूर जाण्याची आवश्यकता नाही. हे काम लांबले, तर ‘टॉकीज’ हा शब्द भाषेत राहील. मात्र त्याचा अर्थ सांगू शकणारे कोणी उरणार नाही.