अभिन्नतेचा प्रश्न आणि ‘दख्खनची राणी’ : जुन्या डब्याच्या जतनाविषयी काही विचार

१

‘दख्खनची राणी’ ही गाडी १ जून १९३० रोजी मुंबई आणि पुणे या दोन शहरांच्या दरम्यान धावू लागली. प्रतिवर्षी १ जून या दिवशी पुणे स्थानकावर तिचा वाढदिवस प्रवाशांकडून साजरा केला जातो. या प्रथेत एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो वरवर वाटतो तितका सामान्य नाही. वाढदिवस नेमका कोणाचा असतो? १९३० साली जे डबे रुळावर आले, त्यांपैकी एकही आज या गाडीत नाही. इंजिने बदलली, वर्ग बदलले, रंग बदलले, डब्यांची संख्या सातावरून कितीतरी वाढली. असे असूनही ‘तीच गाडी’ असे म्हणताना कोणत्याही मराठी भाषकाची जीभ अडखळत नाही. हे ‘तीच’पण कशात आहे, याचा निर्णय केल्यावाचून जुन्या डब्याचे जतन म्हणजे काय, याचाही निर्णय होऊ शकत नाही.

२

आगगाडीचा हा दृष्टान्त भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. सोस्यूर यांच्या मरणोत्तर, १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात भाषिक अभिन्नतेची चर्चा करताना जिनीव्हाहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीचे उदाहरण येते. चोवीस तासांच्या अंतराने सुटणाऱ्या दोन गाड्या आपण एकच मानतो. वास्तविक इंजिन, डबे आणि कर्मचारी हे सर्व निराळे असण्याचा संभव असतो. गाडीची सुटण्याची वेळ, तिचा मार्ग आणि इतर गाड्यांहून तिला वेगळी करणारी परिस्थिती यांनी तिची अभिन्नता सिद्ध होते. पाडून पुन्हा बांधलेल्या रस्त्याचीही तीच गोष्ट. याउलट चोरीला गेलेला पोशाख जुन्या कपड्यांच्या दुकानात सापडला, तर तो ‘तोच’ ठरतो तो केवळ त्याच्या कापडामुळे. तसाच शिवलेला दुसरा पोशाख कितीही हुबेहूब असला तरी तो आपला नव्हे.

‘दख्खनची राणी’ ही पहिल्या प्रकारची वस्तू आहे, हे उघड आहे. मावळातील उदाहरण घेतले तर ते अधिक स्पष्ट होईल. तिकोणा पेठेसारख्या गावाला जवळचे स्थानक कामशेत. तेथील फलाटावर उभ्या असलेल्या मनुष्याच्या दृष्टीने ‘राणी’ ही न थांबणारी गाडी आहे. आणि त्याची स्वतःची गाडी म्हणजे मळवली, कामशेत, वडगाव अशी प्रत्येक ठिकाणी थांबणारी पुणे-लोणावळा लोकल. ‘राणी’चे मूल्य तिच्या डब्यातील गाद्यांवर जितके अवलंबून आहे, तितकेच, किंबहुना अधिक, ती कोठे थांबत नाही यावर अवलंबून आहे. व्यवस्थेतील इतर घटकांशी असलेला विरोध हाच येथे अर्थाचा आधार होय.

मराठीच्या व्याकरणानेही ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. ‘सिंहगड’ हे नाम पुल्लिंगी आहे. गडाविषयी बोलताना ‘सिंहगड जिंकला’ असेच आपण म्हणू. परंतु पुण्याच्या स्थानकावर ‘सिंहगड सुटली’, ‘सिंहगड चुकली’ असे ऐकू येते, आणि ते कोणालाही अशुद्ध वाटत नाही. ‘गाडी’ हा शब्द लुप्त असला तरी त्याचे लिंग क्रियापदावर राज्य करते. म्हणजे प्रवाशाच्या मनात गाडी हे एक स्वतंत्र, नावानिशी ओळखले जाणारे व्यक्तित्व आहे. डब्याला असे व्यक्तित्व नाही. ‘पासाचा डबा’, ‘बायकांचा डबा’, ‘खानपानाचा डबा’ अशी त्याची ओळख त्याला नेमून दिलेल्या कामावरूनच होते. गाडीला विशेषनाम आणि डब्याला षष्ठीचा प्रत्यय, ही भाषेने केलेली वाटणी अर्थपूर्ण आहे.

३

येथवर सोस्यूरप्रणीत विवेचन पुरेसे ठरते. परंतु त्यावरून डब्यांचे द्रव्य गौण आहे असा निष्कर्ष काढला जातो, तो मात्र तपासून पाहावयास हवा. खुद्द त्या विवेचनातच अशी अभिन्नता अमूर्त नसते, तिचा विचार तिच्या भौतिक आविष्कारावाचून होऊ शकत नाही, अशी सूचना आहे. अध्यापनात ही सूचना बहुधा मागे पडते. ‘राणी’च्या डब्यांचा इतिहास पाहिला म्हणजे तिचे महत्त्व ध्यानात येते.

आरंभी या गाडीसाठी सात-सात डब्यांच्या दोन माळा तयार करण्यात आल्या. डब्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडमध्ये बनल्या. वरचे सांगाडे जी. आय. पी. रेल्वेच्या माटुंगा येथील कारखान्यात बांधले गेले. एक माळ रुपेरी रंगाची व तांबड्या पट्ट्यांची, दुसरी गडद निळी व सोनेरी रेघांची. गाडीत केवळ पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. १ जानेवारी १९४९ रोजी जुना पहिला वर्ग रद्द झाला आणि दुसऱ्या वर्गालाच पहिला म्हणण्यात येऊ लागले. तिसऱ्या वर्गाला या गाडीत प्रवेश मिळण्यास जून १९५५ उजाडावे लागले. पुढे एप्रिल १९७४ पासून तिसऱ्याचा दुसरा झाला.

या क्रमात दोन भिन्न प्रकारचे बदल मिसळलेले आहेत. १९४९ आणि १९७४ चे बदल मुख्यतः संज्ञांचे होते. जून १९५५ चा बदल तसा नव्हता. त्या दिवसापर्यंत सामान्य स्थितीचा माणूस ही गाडी खंडाळ्याच्या घाटातून जाताना पाहू शकत होता, तीत बसू शकत नव्हता. वेळापत्रकाच्या दृष्टीने १९५४ ची ‘राणी’ आणि १९५६ ची ‘राणी’ एकच. परंतु समाजव्यवस्थेतील तिचे मूल्य पालटले होते, आणि ते पालटले तिच्या नव्या डब्यांमुळे. अभिन्नता संबंधांवर आधारलेली असते हे खरे. पण ते संबंध लाकूड, लोखंड आणि बाकांच्या मांडणीतूनच मूर्त होतात.

भाषेने या बाबतीत दप्तरखान्यापेक्षा अधिक स्मरणशक्ती दाखविली आहे. तिसरा वर्ग कागदोपत्री १९७४ साली संपला, पण ‘थर्डक्लास’ हा शब्द हिणकस या अर्थाचे विशेषण म्हणून मराठीत आजही चालतो. ज्यांनी तिसऱ्या वर्गाचे तिकीट कधी पाहिले नाही, त्यांच्याही तोंडी तो आहे. डबा नाहीसा झाला, डब्याविषयीची तुच्छता मात्र शब्दात शिल्लक राहिली. जतन हे नेहमी सुंदर वस्तूंचेच होते असे नाही.

४

१९६६ साली मूळच्या माळा बाजूला सारून पेरांबूर येथील कारखान्यात बांधलेले पोलादी डबे जोडण्यात आले. त्यामागील कारण सबळ होते. टकरीच्या वेळी जुन्या पद्धतीचा एक डबा दुसऱ्यात घुसतो व आतील माणसे चिरडली जातात. नवे डबे हा धोका टाळण्याच्या दृष्टीने रचलेले होते. १९९५ साली हवेच्या ब्रेकांचे नवे डबे आले आणि जून २०२२ मध्ये एल. एच. बी. पद्धतीचे. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी झालेल्या या बदलांबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट लक्षणीय आहे. या प्रत्येक स्थित्यंतरात टेबलाशी बसवून वाढणारा खानपानाचा डबा कायम राखण्यात आला. केवळ वेळ आणि मार्ग यांनीच गाडी ‘तीच’ राहत असती, तर या डब्याची आवश्यकता नव्हती. ओळखीसाठी काही द्रव्य लागते, हे रेल्वेनेही कृतीने मान्य केले आहे.

आता जतनाच्या प्रचलित पद्धतींकडे वळू. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात, जे १९७७ साली सुरू झाले, १८७५ चे प्रिन्स ऑफ वेल्सचे सलून आणि १८९९ चे म्हैसूरच्या महाराजांचे सलून ठेवलेले आहे. ही जुन्या पोशाखाच्या जातीची अभिन्नता होय : तेच लाकूड, तेच नक्षीकाम. तेथे वस्तू टिकते, परंतु तिच्या भोवतीची व्यवस्था टिकत नाही. आणि जपण्याचा मान राजेरजवाड्यांच्या सलूनांकडे सहज जातो. दुसरी पद्धत उपाहारगृहाची. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ २०२१ साली एका जुन्या डब्यात असे उपाहारगृह सुरू झाले. तेथे कवच राहते, कार्य पालटते. तिसरी पद्धत ‘राणी’ची : नाव, वेळ, मार्ग आणि एक विशेष डबा राखून बाकी सर्व बदलणे. या तिन्हींपैकी एकीलाही ‘खरे’ जतन म्हणता येणार नाही, कारण प्रत्येकीने वस्तूचे वेगळे अंग राखलेले आहे. दोष आहे तो एकीने दुसरीची जागा भरून काढली असे समजण्यात. वाढदिवसाच्या समारंभाने माटुंग्याच्या सुतारांचे कसब जपले जात नाही. आणि काचेआडच्या सलूनाने तिसऱ्या वर्गातील दाटी कळत नाही.

५

अशा स्थितीत विद्यापीठीय अभ्यासाला करण्यासारखे एक काम उरते, आणि ते रेल्वे खात्याचे नव्हे. माटुंग्याच्या कारखान्यात, कर्जतला घाटासाठी गाडीच्या मागे इंजिने जोडणाऱ्यांत, लोणावळ्याच्या फलाटावर आणि पासधारकांच्या डब्यात जी मराठी बोलली गेली, तिचा संग्रह अद्याप व्हावयाचा आहे. कोणत्या भागाला कारागीर कोणते नाव देत, इंग्रजी संज्ञांची त्यांनी कशी रूपे घडविली, कोणत्या शब्दाने कोणता वर्ग ओळखला जाई, याची नोंद केवळ शब्दकोशाची भर ठरणार नाही. वस्तू आणि व्यवस्था यांना जोडणारा दुवा शब्दांतच असतो. संग्रहालयाला वस्तू मिळते, वेळापत्रकाला व्यवस्था मिळते, हा दुवा दोघांच्याही हातून निसटतो.

या कामाला काळाची मर्यादा आहे. १९५५ साली तिसऱ्या वर्गाच्या पहिल्या डब्यात तरुणपणी चढलेला प्रवासी आज नव्वदीच्या आसपास असणार. १९६६ पूर्वीचे लाकडी डबे दुरुस्त करणारे हातही त्याच पिढीतील. शब्दसंग्रहाच्या योजना पुढील वर्षी आखल्या तरी चालतील असा समज पदव्युत्तर विभागांत सार्वत्रिक आहे. प्रस्तुत विषयापुरता तरी तो बाजूला ठेवणे अगत्याचे आहे.