ख्रिस्ती कथात्म साहित्य, मराठी

ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रेरणेने लिहिलेले व त्या श्रद्धेतूनच जीवनाचा अर्थ लावणारे मराठी कथा-कादंबरीवाङ्मय. केवळ ख्रिस्ती पात्रे वा चालीरीती आल्याने एखादी कृती या वर्गात मोडत नाही. लेखकाची श्रद्धा हेच तिच्या निर्मितीचे कारण असावे लागते. साहजिकच श्रद्धा कथेला कोठे बळ देते आणि कोठे तिला अडविते, हा या वाङ्मयाच्या समीक्षेतील मुख्य प्रश्न ठरतो.

मराठीत ख्रिस्ती श्रद्धेचा आरंभीचा थोर आविष्कार पद्यात झाला. फादर टॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. गद्यकथेची वाट भाषांतराने मोकळी केली. जॉन बन्यन याच्या सतराव्या शतकातील सुप्रसिद्ध रूपककथेचे हरि केशवजी यांनी यात्रिकक्रमण (१८४१) या नावाने भाषांतर केले. तीत यात्रेकरूचा मार्ग रूपकात्मक आहे. त्यावरील गावे व माणसे म्हणजे मूर्त केलेले गुणदोषच होत.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या यमुनापर्यटन (१८५७) या कादंबरीतही प्रवास आहे. मात्र तो महाराष्ट्राच्या वाटांवरचा आहे. पदमनजींनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला व त्यानंतर तीनच वर्षांनी ही कृती प्रसिद्ध झाली. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये संमत झाला होता. मिशनच्या शाळेत शिकलेली यमुना व तिचा पती विनायक यांना प्रवासात अनेक विधवांच्या कहाण्या कळतात. पुढे यमुनेवरच वैधव्य ओढवते. अखेर ती ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते.

ख्रिस्ती परंपरेत श्रद्धा प्रकट करण्याला ‘साक्ष देणे’ म्हणतात. साक्षीदाराने पाहिले ते सांगावयाचे असते. निवाडा त्याच्याकडे नसतो. विधवांच्या कहाण्यांत पदमनजी असे साक्षीदार आहेत. केशवपनाची सक्ती, घरातील कोंडमारा, आप्तांची निष्ठुरता यांचे त्यांनी केलेले वर्णन त्या काळच्या कथावाङ्मयात अपूर्व होते. या कादंबरीनंतर चार वर्षांनी आलेली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची मुक्तामाला (१८६१) अद्भुतरम्यतेकडे वळली, हे ध्यानात घेतले म्हणजे पदमनजींच्या वास्तवदृष्टीचे मोल कळते. प्रचाराच्या हेतूमुळे ही कादंबरी केवळ दुबळी झाली, हे मत म्हणूनच एकांगी ठरते. ज्या श्रद्धेने तिला उपदेश दिला, तिनेच तिला डोळेही दिले.

दोष निराळ्या ठिकाणी आहे. उत्तर आधीच ठरलेले असल्यामुळे संवादांना वादविवादाचे रूप येते. यमुनेचा विश्वास प्रथमपासून स्थिर असल्याने तिच्या मनातील उलघाल वाचकाला फारशी दिसत नाही. हरि नारायण आपटे यांच्या पण लक्षांत कोण घेतो ? (१८९०–९३) या कादंबरीची नायिकाही यमुनाच आहे व केशवपनाचा आघात तिलाही सोसावा लागतो. तिला आश्रय मिळत नाही. म्हणून तिचा प्रश्न वाचकाच्या मनात तसाच राहतो. पदमनजींच्या यमुनेला आश्रय लाभतो आणि तिच्याबरोबर वाचकही सुटतो.

श्रद्धेतील हा संघर्ष मराठी ख्रिस्ती गद्यात आला तो कादंबरीतून नव्हे, तर आत्मचरित्रातून. लक्ष्मीबाई टिळक यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात पतीच्या धर्मांतराचा (१८९५) आघात, सोवळ्याओवळ्याची ओढ व १९०० मध्ये त्यांनी स्वतः घेतलेला बाप्तिस्मा यांमधील अंतर प्रांजळपणे व विनोदबुद्धीने उलगडले आहे. तेथे श्रद्धा हा आधीच हाती असलेला निष्कर्ष नाही. ती जगताजगता गवसते. श्रद्धेला कथारूप देणाऱ्या लेखकाने पदमनजींकडून पाहण्याचे धैर्य घ्यावे व लक्ष्मीबाईंकडून निवाड्याची घाई न करणे शिकावे, असा या दोन ग्रंथांचा एकत्रित बोध आहे.