श्रमिकांचीं चित्रें व इतिहासाचें साधन

मिले या फ्रेंच चित्रकाराचें 'सरवा वेचणाऱ्या स्त्रिया' हें इ. स. १८५७ चें चित्र करुणरसाचें म्हणून वाखाणून पुढें जाण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें तें एखाद्या अस्सल कागदासारखें वाचलें पाहिजे.

चित्राच्या पुढील भागांत तीन स्त्रिया आहेत. दोघी पूर्ण वांकून ओंब्या वेचीत आहेत, तिसरी अर्धवट वांकलेली. मागें, बऱ्याच अंतरावर, रचलेल्या गंजी, भरलेली गाडी, कापणी करणाऱ्यांची गर्दी व उजवीकडे घोड्यावर बसलेला मुकादम दिसतो. कापणीनंतर शेतांत सांडलेलें धान्य गरिबांनीं वेचावें, हा फ्रान्समधील जुना हक्क. पीक कोणाचें, सरवा कोणाचा व दोहोंमध्यें अंतर किती, हें चित्रकारानें एकाच चौकटींत नमूद केलें आहे. पॅरिसच्या प्रदर्शनांत कांहीं टीकाकारांस तें खटकलें, यांत नवल नाहीं. १८४८ ची क्रांति तेव्हां फार जुनी झाली नव्हती.

आतां एकोणिसाव्या शतकांत पाटणा, मुर्शिदाबाद व त्रिचनापल्ली येथें साहेबलोकांकरितां अभ्रकावर काढलेलीं धंदेवाल्यांचीं चित्रें शेजारीं ठेवून पाहावीं. भिस्ती, धोबी, पालखीचे भोई, असे एकेक असामी बहुधा मोकळ्या जागेवर उभे आहेत. हत्यारें, पोशाख व कामाची ढब यांविषयीं हीं चित्रें मोलाचीं खरीं. पण मालक, मजुरी व गांव यांचा त्यांत पत्ता नाहीं. घेणारास नमुना हवा होता, चित्रकारानें नमुना दिला. हा दोष कसबाचा नव्हे, मागणीचा.

मिलेचें साधनही सर्वांगीं पूर्ण नाहीं. तो स्वतः नॉर्मंडीतील शेतकरी कुळांतला. तरी त्याच्या स्त्रियांचे चेहरे छायेंत आहेत व त्यांस नांवें नाहींत. व्यक्तीच्या इतिहासास हें चित्र निरुपयोगी, परंतु धनी व मजूर यांच्या संबंधाच्या इतिहासास पहिल्या प्रतीचें होय.

संग्राहकांस आमची एक विनंति आहे. राजेरजवाड्यांच्या तसबिरी जपल्या जातात; धंदेवाल्यांचे संच मात्र सुटे करून विकले जातात आणि पाठीवरील मजकूर चिकटवणींत झांकला जातो. संच मोडला कीं क्रम गेला, मजकूर गेला कीं स्थळकाळ गेला. कूर्बेचें 'दगडफोडे' हें १८४९ चें चित्र दुसऱ्या महायुद्धांत, १९४५ सालीं, नाहींसें झालें; आज छायाचित्रांवर भागवावें लागतें. तेथें युद्ध कारण झालें. आपल्याकडे केवळ अनास्था कारण होऊं नये.